फुलाशिवाय नाव नाही

१४ मार्च

धाकट्या,

आशीर्वादाचं शेवटी बघू. आधी मला सांग, नऊ वर्षं एक ओळ न लिहिणारा माणूस एके दिवशी बिस्किटांच्या डब्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मूळ पाठवतो, याला काय म्हणायचं? डबा आईने उघडला. मी कामावरून आले तेव्हा ती ते मूळ मांडीवर घेऊन बसली होती. "त्याने पाठवलंय," म्हणाली. जसा काही तू नातू पाठवला होतास.

सोबतची चिठ्ठी वाचली. चार ओळी, त्यातली एक खोडलेली. तुझ्या हॉस्पिटलच्या मागे ओढ्याकाठी हे माजलंय. थंडी पडायच्या आत तिथली माती उचलून पुढच्या नव्या बागेत पसरायची आहे. तू म्हणतोस माती हलवू नका, तुकड्यातुकड्यातून हे सगळीकडे उगवेल. अधीक्षक म्हणतात, वनस्पती संग्रहालयाचा सहीचा कागद आण, नाहीतर आम्ही दुसरा माळी बघतो. आणि शेवटी, "ताई, हे काय आहे ते सांग. खात्रीने."

खात्रीने! हा शब्द तू मला लिहावास? अरे, नुसत्या मुळावरून मी काय डोंबल सांगू? चार वर्षं आमच्या आवारात माळी होतास. फुलाशिवाय नाव नाही, हा आमचा नियम तुला पाठ असायला हवा. जुने साहेब गेले, त्यांची खुर्ची गेली, पण त्यांचा तो नियम अजून भिंतीवर आहे.

आणि त्या वाईट झाडाचं खूळ अजून तुझ्या डोक्यातून गेलं नाही का? त्यापायी एक नोकरी घालवलीस. संग्रहालयाच्या दाराशी हौसेने लावलेला अख्खा ताटवा एका सकाळी कोणाला न विचारता उपटून टाकलास. मी आतून शीट, वाळवलेलं झाड आणि नावाची चिठ्ठी चिकटवलेला तो मोठा कागद, आणून सगळ्यांना दाखवलं की ही साधी जात आहे, निरुपद्रवी. शीटवर लिहिलं होतं तेच वाचलं. त्यात माझं काय चुकलं? बाकी जे बोलले ते बोलले.

मूळ कुंडीत लावते. फूल आलं की नाव सांगेन. पण लक्षात ठेव, मला मेलेली झाडं कळतात. दाबलेली, वाळवलेली, कागदावर चिकटवलेली. जिवंत हे तुझं खातं. पाणी किती घालायचं ते कळव.

कळावे. लोभ असो नसो, उत्तर असावं.

ताई

६ एप्रिल

धाकट्या,

कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी भावाचं पहिलं कार्ड, आणि त्यात काय, तर "पाणी फार नको. कुंडी मातीवर ठेवू नको, खाली पत्रा ठेव." संपलं! आई कशी आहे, तिचा गुडघा कसा आहे, ताई तू अजून आहेस का, काही नाही. आईने ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदाही त्यातून जास्त काही निघालं नाही.

शिवाय कार्ड यायला बारा दिवस लागले. तोवर कुंडी मोरीच्या मागे मातीवर ठेवून झाली होती. आता उचलायला गेले तर ती जरा अडल्यासारखी झाली. जोर लावला तशी उचलली गेली. खालच्या भोकातून एक पांढरा दोरा बाहेर आला होता, तो तुटला. पत्रा ठेवला आहे. झालं समाधान?

कोंब फुटला आहे. लालसर, बोटाएवढा जाड. मी ऑफिसची पट्टी घरी आणून रोज मोजते. सोमवारी चार बोटं होता, शुक्रवारी वीतभर. सकाळी मोजून एक वाटी पाणी घालते. मी कामावर गेले की आई भांडी विसळलेलं सगळं पाणी नेऊन त्याला ओतते. विचारलं तर म्हणते, "लेकाने पाठवलेलं तहानलेलं ठेवू होय?" मी इतकी वर्षं तिचं सगळं करते, मला तिने न मागता पाण्याचा पेला दिल्याचं आठवत नाही. हे तुला मुद्दाम सांगते आहे.

कळावे.

ताई

२३ मे

धाकट्या,

तू काय पाठवलंस रे? सूड म्हणून पाठवलंस का? तसं असेल तर सरळ लिही, मी काही म्हणणार नाही.

कुंडीतलं झाड माझ्या खांद्याला लागलं. ते एक वेळ ठीक आहे. पण पत्रा ठेवण्याआधी तो जो दोरा तुटला होता, त्याने मोरीच्या मागे तीन कोंब काढले. मी ते उपटले. आता सात आहेत. बोट दिलं की मनगट धरणाऱ्यातलं आहे हे. मी त्याचं नाव घरजावई ठेवलं आहे. खरं नाव मिळेपर्यंत हेच. खातो, पसरतो, आणि सासूचा लाडका.

सासूवरून आठवलं. काल संध्याकाळी शेजारचे पोस्टमास्तर दाराशी आले. निवृत्त झाले तरी अजून कोणाच्याही घरी आले की चपला काढायच्या आधी घसा साफ करतात.

"बाई, तुमचं झाड आमच्याकडे राहायला आलंय."

"भिंतीखालून आलं का?" मी विचारलं.

"भिंतीखालून एक आलंय. दुसरं तुमच्या मातोश्रींनी आमच्या हिला डब्यात लावून दिलंय."

मी आत जाऊन आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "फांदी मोडली होती. टाकून कशी देऊ? सगळ्यांना दिली. माझा मुलगा झाडांमधला आहे, त्याने पाठवलंय म्हणून सांगितलं." सगळ्यांना म्हणजे किती, हे ती सांगत नाही. मी गल्लीत फिरून आले. पाच डबे मोजले. शिंपिणीच्या खिडकीत आहे, दवाखान्याच्या पायरीवर आहे. नऊ वर्षं ती तुझं नाव घरात काढत नव्हती, मला त्रास होईल म्हणून. आता तुझ्या नावाने गल्लीभर रोपं वाटत सुटली आहे. मी कपाळावर हात मारून घेतला, दुसरं काय करणार!

कसं आवरायचं ते लिही. आणि कार्डावर लिहू नकोस. पोस्टमनला दारातच गाठून पोस्टमास्तर सवयीने वाचतात.

ताई

११ जून

धाकट्या,

ओळख पटली. सुटले एकदाची.

तुझं पत्र आलं नाही, तुझ्या अधीक्षकांचं मात्र ऑफिसात आलं. "सदर माळी हटवादी असून," अशी सुरुवात होती. पूर्वीही त्याने निरुपद्रवी झाडं उपटल्याचं कळतं, तरी आपला अभिप्राय त्वरित कळवावा. प्रमुख बाईंनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांना आपलं नातं ठाऊक नाही, आणि मी सांगितलं नाही.

मी घरजावयाची चार पानं पिशवीत घालून नेली. कपाटातून शीट काढलं. अशा दिसणाऱ्या दोन जाती आहेत, बहिणी-बहिणी. एका जातीच्या पानाची देठाकडची बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ, दुसरीची बदामासारखी आत गेलेली. आपलं पान सरळ. सरळ पानाच्या शीटवर चिठ्ठी काय आहे? निरुपद्रवी जात, कुंपणास योग्य. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी होतं तेच. पुस्तकं बदलतात, शीट बदलत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

बाईंनी विचारलं, "तुम्ही पाहिलंय ना नीट?" म्हटलं, पाहिलंय. त्यांनी सही केली. फूल अजून नाही हे मला माहीत आहे. पण शितावरून भाताची परीक्षा होते, आणि तुझ्या अधीक्षकांना घाई आहे, आणि मलाही या प्रकरणाचा वीट आला आहे.

कागद तुझ्याच नावाने पाठवते, त्यांच्या नाही. तूच नेऊन दे आणि म्हण, माझी समजूत चुकली होती. एवढं म्हटलंस तर नोकरी राहील. माणसाने कधीतरी मान्य करावं. मान खाली घातल्याने कोणी बुटका होत नाही.

ताई

३० जुलै

धाकट्या,

काल तुझं कार्ड आलं. त्यावर तीन शब्द. "फूल आलं का?"

मी सही-शिक्क्याचा कागद पाठवून दीड महिना झाला. तो तू दिलाच नाहीस ना? ऑफिसात अधीक्षकांचं स्मरणपत्र आलं तेव्हाच कळलं. कागद खिशात ठेवून स्वतःची नोकरी पणाला लावतोस आणि मला माझाच नियम शिकवतोस? तुझ्याशी डोकं लावण्यापेक्षा भिंतीशी लावलेलं बरं. निदान ती कार्ड पाठवत नाही.

भिंतीचंही काही खरं नाही म्हणा. मोरीतली फरशी उचलली गेली आहे. मी परवा अंघोळीला गेले तर दोन फरश्यांच्या फटीतून लाल नाक वर काढून हा उभा. मी ओरडले. आई बाहेरून म्हणाली, "काय झालं, पाणी संपलं का?" पोस्टमास्तरांकडे कुंपणाचा खांब तिरका झाला. ते आता घसा साफ न करताच येतात. मी खणते, कापते, पोत्यात भरते. आठवड्याने पुन्हा तिथेच. हात सोलले आहेत, कंबर धरली आहे. साधी जात! कुंपणास योग्य!

हो, मलाही प्रश्न पडला आहे. तू विचारायच्या आधीच पडला आहे. निरुपद्रवी झाड फरशी कशी उचलेल?

काल खणताना मला तुझं एक वाक्य आठवलं. त्या दिवशी तू चिखलाचे हात घेऊन माझ्या टेबलापाशी आला होतास आणि हळू आवाजात म्हणालास, "ताई, हे खालून चालतं. कागदावर ते दिसत नाही." आणि मी मोठ्या आवाजात, तेव्हाचे प्रमुख, पाहुणे, शिपाई, सगळ्यांच्या समोर म्हणाले, "सातवी नापासाने आम्हाला झाडं शिकवू नयेत." पहिल्या पत्रात मी "बोलले ते बोलले" असं लिहिलं होतं. ते हे बोलले होते. तू हात तसेच घेऊन निघून गेलास. टेबलावर तुझ्या बोटांची माती राहिली, ती मीच पुसली.

असो. फूल नाही आलं अजून. कळ्या दिसतात.

ताई

१९ सप्टेंबर

धाकट्या,

फूल आलं. पांढरं, बारीक, झुपक्यात. दिसायला इतकं साधं की राग यावा.

आज ते ऑफिसात नेलं. वाळलेल्या फुलाशी ताडून बघायचं तर शीटवरची पुडी उघडावी लागते. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात कागदाची एक छोटी पुडी असते, गळालेली फुलं, बिया ठेवायला. ती सहसा कोणी उघडत नाही. ही तर अठ्ठावीस वर्षांत कोणी उघडली नव्हती. घडीवर घडी तशीच बसली होती.

आत फुलं होती. आपलीच, हुबेहूब. आणि फुलांखाली जुन्या साहेबांच्या हातचा कागदाचा कपटा, त्यावर पेन्सिलने २११. त्यांनी रानात झाड तोडलं की तिथेच टाकायचा तो क्रमांक.

शीटवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र २१२ आहे.

मला आधी कळलंच नाही. मग मी दुसरं शीट काढलं, बदामी पानाचं. त्याची पुडी उघडली. आत २१२. शीटवर चिठ्ठी २११.

साहेबांची रानातली वही खालच्या कपाटात असते. काढली. २११ पुढे लिहिलंय, "ओढ्याकाठी. माणसापेक्षा उंच. खाली गवतही उगवू देत नाही. तुकडा पडेल तिथे फुटतो. आवारात आणू नये." २१२ पुढे, "गुडघाभर. कुंपणास योग्य. त्रास नाही."

दोन्ही शीटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी चिकटवलं. दोन्हीवर माझी सही आहे.

मी आठवून आठवून बघितलं. काही मोठं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं, कोणी आजारी होतं, डोळे दुखत होते. काही नव्हतं. तारीख बघितली, शनिवार होता, अर्धा दिवस. दोन चिठ्ठ्या एका वेळी खळ लावून ठेवल्या असतील आणि मी कोणाशी तरी बोलत असेन. एवढंच. पुढे साहेब गेले, नव्यांनी चिठ्ठी वाचून ओढ्याकाठचं तेच आणून दाराशी हौसेने लावलं, तू ते उपटलंस, आणि मी माझ्याच हाताने केलेली चूक पुरावा म्हणून सगळ्यांसमोर धरली. पुन्हा जूनमध्ये तेच केलं, वर सहीही आणली. तो कागद तू दिला असतास तर आत्तापर्यंत ती माती हॉस्पिटलच्या बागेत पसरली असती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडू कोणावर? सहा महिने तुझ्यावर ओरडले, तेही संपलं.

आज एवढंच.

ताई

२४ सप्टेंबर

धाकट्या,

सगळं सांगायचं म्हणून हेही सांगते. मला नीतिमान समजू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. आपलं नातंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, दार लोटलं आणि म्हणाल्या, "दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला गवगवा? पाण्याचा बोळा लावा, चिठ्ठ्या सुटतील. अदलाबदल करा, घरी जा. हॉस्पिटलला नवा अभिप्राय मी पाठवते, नव्याने तपासलं म्हणून. तुमचा भाऊही वाचला, तुम्हीही."

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. टेबलावर गेले, कापसाचा बोळा ओला केला, चिठ्ठीच्या कडेला लावला. खळ जुनी, लगेच सुटायला लागली. एक कोपरा वर आला. तर खालचा कागद पांढराशुभ्र. बाकीचं शीट पिवळं पडलेलं आणि चिठ्ठीखाली पांढरा चौकोन. नवी चिठ्ठी लावताना जरा हलली तर ती कड दिसणारच होती. दिसली नसती तरी मला दिसली असती. आणि तुझी नऊ वर्षं त्या बोळ्याने कशी सुटणार होती?

मी कोपरा पुन्हा दाबून बसवला. वर वजन ठेवलं.

आमच्याकडे खरी रीत तुला माहीत नसेल, कारण ते काम आत चालायचं आणि तू बाहेर असायचास. चुकलेली चिठ्ठी काढत नाहीत. ती राहते. तिच्या शेजारी दुसरी, छोटी लावतात. खरं नाव, ओळख कोणी केली, आणि तारीख. पुढे जो कोणी शीट काढेल त्याला दोन्ही दिसतात, कोण चुकलं आणि कोणी ओळखलं.

मी ती छोटी चिठ्ठी लिहिली. खरं नाव लिहिलं. "ओळख" पुढे तुझं पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट, आणि खाली "माळी". बाई म्हणाल्या, "माळ्याचं नाव कसं चालेल? शिकलेला माणूस लागतो."

"नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. दहा-पंधरा मिनिटं चाळलं. माझ्याकडे बघितलं, पुन्हा चाळलं. मग चिडून पुस्तक मिटलं आणि सही केली.

तारीख मी आजची घातली नाही. तू ताटवा उपटलास त्या सकाळची घातली. हजेरीपटातून शोधून काढली.

अधीक्षकांना नवा अभिप्राय आज रजिस्टरने गेला, थेट त्यांच्या नावाने. माती हलवू नये, माळी सांगेल तसं करावं. सोबत दुसरा कागद आहे, की नऊ वर्षांपूर्वी त्याला काढलं गेलं ते संग्रहालयाच्या चुकीमुळे, आणि ती चूक चिकटवणारीची होती. खाली माझी सही. जूनचा कागद फाडू नकोस, परत पाठव. तोही फायलीत लावायचा आहे.

आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याचंच बरोबर होतं." मी म्हटलं, हो. "मग तुला नऊ वर्षं कोणी लिहू नको म्हणून सांगितलं होतं?" कोणीच सांगितलं नव्हतं. तुझा पत्ता माझ्याकडे होता. मी मोठी, तूच आधी लिहावंस म्हणून बसून राहिले.

आज ती काठी टेकत दारोदार जाऊन डबे परत मागते आहे. "झाड वाईट आहे," असं सांगते, आणि लगेच, "माझ्या मुलाने ओळखलं." पाचाचे अकरा निघाले. शिंपीण द्यायला तयार नाही, तिला फूल आवडलंय.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, आशीर्वादाचं शेवटी बघू. आता तो द्यायला माझा हात वर होत नाही. माझं चुकलं. चिठ्ठीचं चुकलं ते एक, पण तुला सगळ्यांसमोर जे बोलले ते त्याहून मोठं. मला माफ कर. एकदम नाही जमलं तर हळूहळू कर, पण कर.

तुझी
ताई

ता. क. मोरीत काल अजून दोन फरश्या उचलल्या गेल्या. पोस्टमास्तर वकिलाची भाषा करत आहेत. मी किती खणलं तरी कुठून धरायचं तेच मला कळत नाही, कागदावर ते दिसत नाही. हॉस्पिटलातून चार दिवस रजा मिळेल का बघ. ये आणि उपट. या वेळी परवानगी आहे.